डेकखालची पेट्रोलची टाकी गळते तेव्हा

मालवणात बहुतेक छोट्या बोटींची पेट्रोलची टाकी म्हणजे लाल प्लास्टिकचा सुटा डबा, २४-२५ लिटरचा, मागे इंजिनाच्या पायाशी ठेवलेला. गळला तर समोर दिसतो, उचलून किनाऱ्यावर ठेवला की विषय संपला. आमची बोट २२ फुटी, फायबरची, सेकंडहँड घेतलेली, मागे बाहेरून टांगलेलं ११५ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन, आणि टाकी डेकच्या खाली कायमची गाडलेली, अॅल्युमिनियमची, साधारण १८० लिटर. अशी टाकी असली की लांब जाता येतं, डबे बदलत बसावं लागत नाही, दिसायलाही बोट मोकळी वाटते, सगळं मान्य. पण ती गळायला लागली की कुठे गळते हे शोधण्यातच अर्धं काम, आणि मराठीत याबद्दल कुणी काही लिहिलेलं मला तरी सापडलं नाही म्हणून हा एवढा प्रपंच.

आमच्याकडे सुरुवात वासानेच झाली. मेव्हणा बोट चालवतो, तो म्हणाला, "भावजी, सकाळी कव्हर काढलंय की पेट्रोलचो वास मारता." मागचं झाकण उघडून बघितलं तर बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटात सगळ्यात खाली जिथे पाणी साठतं तिथे, त्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग. तवंग ऑइलचाही असतो, त्यामुळे हाताचं बोट बुडवून वास घ्यायचा, ऑइल बोटाला चिकटून राहतं आणि पेट्रोल बघता बघता उडून जातं, बोट गार लागतं. आमचं बोट गार लागलं.

आता गाडीत पेट्रोलचा वास आला तर आपण म्हणतो बघू गॅरेजला गेल्यावर, कारण गाडीचं पोट खालून उघडं असतं, वाफ निघून जाते. बोट म्हणजे बंद बादली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती खाली बसते आणि बाहेर जायला वाट नाही. हवेत साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत वाफ असली की ठिणगीला ती पेट घेते, आणि बंद जागेत पेट घेणं म्हणजे स्फोटच. पेट्रोलला वाफ व्हायला ऊन लागतच नाही, उणे चाळीस डिग्रीच्या आसपासही ते पेटण्याइतकी वाफ सोडतं, आपल्याकडे तर मे महिना. म्हणून वास आला की पहिलं काम शोधाशोध नाही. पहिलं काम म्हणजे सगळी माणसं खाली उतरवा, सगळी झाकणं उघडा आणि वारा खेळू द्या, तासभर तरी. विडी-सिगरेट तर सोडाच, पण लोक विसरतात ती दुसरी गोष्ट, बिल्ज पंपाचा ऑटो स्विच. तो फ्लोटवाला स्विच थेट बॅटरीवर असतो, मेन स्विच बंद केला तरी चालू, पाणी वाढलं की आपोआप पंप सुरू. वाफेत ती ठिणगी नको, आणि समजा काही झालं नाही तरी तो पंप पेट्रोलचं पाणी सरळ बंदरात ओततो. तेव्हा आधी हवा खेळवायची, मगच बॅटरीची वायर काढायची. घाईत उलटं केलंत तर टर्मिनल काढतानाच जी बारीक ठिणगी उडते ती नको तिथे उडेल. आणि बिल्जमधलं पेट्रोल ओढायला घरचा व्हॅक्युम क्लीनर आणणारे महाभाग असतात, त्यांना हात जोडून नमस्कार. स्पंज, चिंध्या आणि उघड्यावर ठेवलेली लोखंडी बादली, बस.

मग शोध. आमच्या इथे कुणालाही विचारा, उत्तर एकच, "टाकी फुटली आसतली." असेलही. पण टाकी हा शेवटचा संशयित धरायचा, कारण तिथपर्यंत पोचायला डेक कापावा लागतो आणि बाकीचे सगळे संशयित स्क्रूड्रायव्हरने सापडतात. पेट्रोल टाकायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप, म्हणजे फिलचा होज, हवा जायचा बारीक व्हेंट होज, टाकीवरचा, किती पेट्रोल आहे ते काट्याच्या गेजला कळवणारा सेंडर आणि त्याखालचं गॅस्केट, इंजिनाकडे जाणाऱ्या लाइनचं पिकअप फिटिंग, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढायचं तोंड, पाणी वेगळं करणारा फिल्टर, हाताने दाबायचा रबरी बल्ब आणि इंजिनाला लागणारा कनेक्टर, एवढ्या ठिकाणी पेट्रोल टाकीबाहेर पडू शकतं. अमेरिकेत तर नियमच आहे की पेट्रोलच्या टाकीला जी काही भोकं असतील ती सगळी वरच्या बाजूला हवीत, बाजूला किंवा तळाला एकही नाही, आणि आमचं हल, म्हणजे बोटीचं धड, मूळ तिकडचं असल्यामुळे आमच्या टाकीलाही सगळं वरच होतं. याचा शोधायला मोठा फायदा होतो.

फायदा असा, की वास कधी येतो यावरून अर्धं निदान होतं. टाकी फुल केल्यावर एक-दोन दिवस वास येतो आणि मग आपोआप जातो, तर वरचं काहीतरी गळतंय, सेंडरचं गॅस्केट किंवा होज. पेट्रोल खाली गेलं की गळती थांबते. पेट्रोल टाकतानाच वास आणि ओल, तर फिलचा होज किंवा त्याचे क्लॅम्प. इंजिन चालू असतानाच वास, बंद केलं की नाही, तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाच्या पुढच्या, दाबाच्या भागात बघा. आणि टाकी अर्धी असो की पाव, बोट उभी असो की चालू, वास येतच राहतो, तर मग टाकीच्या तळाकडे बघावं लागतं. आमचा प्रकार जरा गोंधळाचा होता कारण फुल टाकीला वास जास्त यायचा पण कमी झाल्यावरही पूर्ण जात नव्हता, आणि त्याचं कारण नंतर कळलं की गळत्या दोन होत्या.

पहिली सापडली ती फिलच्या होजमध्ये. याची टेस्ट एकदम सोपी, स्वच्छ पांढरं फडकं घ्यायचं, होजवरून दाबून फिरवायचं आणि फडक्याचा वास घ्यायचा. चांगला होज असेल तर फडक्याला रबराचा वास येतो, खराब असेल तर पेट्रोलचा. म्हणजे भोक नसतानाही होजच्या अंगातून पेट्रोल पाझरतं. आमचा होज बाहेरून ठणठणीत दिसत होता, पण वळणाच्या जागी नख लावल्यावर बारीक चिरा उघडल्या, आणि खालच्या टोकाचा क्लॅम्प हातात घेतल्यावर त्याचा स्क्रूच तुटून आला, पट्टी स्टीलची पण स्क्रू साधा लोखंडी. बाजारात असे क्लॅम्प भरपूर आहेत, वरून सगळे चकचकीत. लोहचुंबक घेऊन दुकानात जायचं, स्क्रूला गच्च चिकटला तर परत ठेवायचा.

होजबद्दल अजून एक. २०२५ पासून आपल्याकडे पंपावर जवळपास सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, आतून मऊ पडतं, फुगतं. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि एका मर्यादेपुढे पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि आपलं पिकअप नेमकं तळातूनच ओढतं. बोट जेवढी पाण्यावर राहते तेवढी टाकीत दमट हवा जाणार, हे काही टळत नाही. त्यामुळे नवा होज घेताना गाडीचा नाही, बोटीचाच घ्यायचा, त्यावर ए१ असं किंवा आयएसओ ७८४० असं छापलेलं असतं. तो आगीत अडीच मिनिटं टिकेल अशी टेस्ट झालेला असतो. अडीच मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण बोटीत आग लागल्यावर अडीच मिनिटांत माणसं पाण्यात उडी मारून लांब जाऊ शकतात. किंमत ऐकून दुकानदाराशी भांडावंसं वाटतं ते वेगळं.

व्हेंटही बघून घेतला. व्हेंटचं तोंड बाहेर असतं आणि त्यात कुंभारीण माशी मातीचं घर करते, हे आमच्याकडे फार. तोंड बंद झालं की दोन गोष्टी होतात, पेट्रोल टाकताना नोझल सारखं खटकन बंद पडतं, आणि उन्हात टाकीतली वाफ फुगली की तिला बाहेर जायला वाट नसल्यामुळे ती जिथे कुठे कमजोर जागा असेल तिथून पेट्रोल ढकलते. पंपावरच्या पोऱ्याला शिव्या घालायच्या आधी व्हेंटमध्ये तार घालून बघा. आमचा व्हेंट मोकळा होता. सेंडरचे पाच स्क्रू काढून गॅस्केट बघितलं, ते कडक झालं होतं, ते बदललं. नवा होज, नवे क्लॅम्प दोन-दोन लावले, वास पुष्कळ कमी झाला, मेव्हणा खूश. पण बिल्ज कोरडं करून आत पांढरा कागद ठेवला तर सकाळी कागदावर परत तोच डाग, तोच वास.

इथे आपल्या इकडच्या सुट्या डब्याचा खरा उपयोग झाला. इंजिनाची लाइन मोठ्या टाकीवरून काढून २४ लिटरच्या लाल डब्याला जोडली आणि बोट तशीच वापरली. मोठ्या टाकीतलं पेट्रोल हातपंपाने काढून घेतलं, तोंडाने ओढायचा प्रकार कृपा करून कुणी करू नका, फुप्फुसात गेलं की सरळ हॉस्पिटल. कॅन जमिनीवर ठेवूनच भरायचे, डेकवर किंवा पिकअप गाडीच्या प्लास्टिकवर ठेवून नाही, स्टॅटिकची ठिणगी पडते. शंभरी पार गेलेलं पेट्रोल, ओतून थोडंच देणार, थोडं काचेच्या बाटलीत घेऊन उभं ठेवलं तर खाली वेगळा थर दिसला, म्हणजे पाणी. तेवढं तळाचं बाजूला काढलं. टाकी रिकामी झाल्यावर बिल्जमधला वास काही दिवसांत पूर्ण गेला. म्हणजे पुढची लाइन निर्दोष, इंजिन निर्दोष, राहिली टाकी.

तरी डेकला करवत लावायच्या आधी मला पुरावा हवा होता, म्हणून प्रेशर टेस्ट. आणि इथे लोक टाकीची वाट लावतात. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणतात, खसकन हवा सोडतात आणि टाकी फुगून बसते. हिशोब करून बघा, आमच्या टाकीचा तळ दोन फूट बाय चार फूट, म्हणजे ११५२ चौरस इंच. त्यावर फक्त ३ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ३ पौंड, दाब दिला तर साडेतीन हजार पौंडांच्या आसपास जोर येतो, दीड टनाच्या वर. सपाट पत्र्यावर दीड टन! आणि कॉम्प्रेसरच्या गेजवर ३ पीएसआय म्हणजे काटा हललाच नाही असं दिसतं. म्हणून जुन्या टाकीला मी १ पीएसआयच्या वर गेलो नाही, आणि तो मोजायला गेज वापरलं नाही, गवंड्याची लेव्हल ट्यूब वापरली. पारदर्शक ट्यूब इंग्रजी यू सारखी वाकवून भिंतीला लावायची, अर्धी पाण्याने भरायची, एक टोक टाकीला आणि दुसरं मोकळं. दोन बाजूंच्या पाण्यात ७० सेंटिमीटरचा फरक पडला की झाला १ पीएसआय. यापेक्षा अचूक गेज तुम्हाला बाजारात दहापट पैशात मिळणार नाही, आणि जास्त हवा गेली तर पाणी उडून बाहेर जातं, टाकी वाचते.

फिलचं तोंड आणि व्हेंट रबरी बुचाने बंद केलं, पिकअपला इंग्रजी टीच्या आकाराचा जोड लावून एका बाजूला ट्यूब आणि दुसऱ्या बाजूला सायकलचा हातपंप. हे सकाळी लवकर किंवा पूर्ण ढगाळ असताना करायचं, कारण टाकीवर ऊन आलं की आतली हवा तापून फुगते आणि गळती असूनही पाणी वर चढताना दिसतं, सावली आली की उलट, आणि आपण विनाकारण घाबरतो. वरच्या सगळ्या फिटिंगांवर साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. ट्यूबमधलं पाणी मात्र उतरत होतं, चहा होईपर्यंत निम्म्यावर. वर गळत नाही आणि हवा जातेय म्हणजे खालून जातेय, आता वाद संपला. तोपर्यंत आमचे फायबरचे मिस्त्री शेजारी उभे राहून सगळं बघत होते, ते म्हणाले, "मी पयलाच सांगलंय, टाकी भायर काढल्याबिगर काय कळाचा नाय." त्यांचं बरोबर होतं, पण त्यांनी ते बोट न बघताच सांगितलं होतं.

मे अखेरीस सीझन बंद झाला, बोट वर ओढली आणि डेक कापला. पेट्रोलच्या टाकीच्या वर इलेक्ट्रिक कटर चालवायचा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, त्या मोटरच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतच असतात. आम्ही टाकी गोड्या पाण्याने तोंडापर्यंत भरली, म्हणजे आत वाफेला जागाच उरली नाही, तळातून पाणी झिरपत होतं ते झिरपू दिलं, वरून पाइप चालूच. ब्लेडची खोली डेकच्या जाडीइतकीच लावली. मिस्त्रींना हे पाणी भरणं वगैरे नाटक वाटत होतं, पण त्यांनी केलं.

डेकचा तुकडा उचलल्यावर जे दिसलं त्यावर खरं तर हा सगळा लेख. टाकीच्या चारही बाजूंना पिवळा फोम ओतलेला. बोट बांधणारे हे हौसेने करतात, टाकी हलत नाही, बोट बुडत नाही, काम एका तासात. म्हणतात की हा फोम पाणी पीत नाही. नवा असताना पीत नसेलही. मी मुठीत धरून पिळला तर मनगटापर्यंत खारं पाणी आलं. फोम टाकीपासून केसभर सुटला होता आणि त्या फटीत पाणी वर्षानुवर्षं उभं होतं, कारण ते वाहून जायला जी भोकं हलच्या फासळ्यांना ठेवलेली असतात ती पण त्याच फोमने बुजलेली. टाकीखाली टेकण म्हणून कुणीतरी चक्क कार्पेटच्या पट्ट्या घातल्या होत्या. कार्पेट!

टाकी काढून उलटी केली. वरची बाजू अजून चकाकत होती, तळाला मात्र जिथे जिथे कार्पेट होतं बरोबर तेवढ्या पट्ट्यांमध्ये पांढरी भुकटी, ओली असेल तिथे साबुदाण्याच्या खिरीसारखी चिकट. ती ब्रशने काढली की खाली खड्डे. काही नुसते खरखरीत, काही टाचणीचं डोकं मावेल एवढे, आणि मागच्या कोपऱ्यात, बोट किनाऱ्यावर उभी असताना जो भाग सगळ्यात खाली येतो तिथे, एक भोक. इतकं बारीक की दिवसा दिसलं नाही, संध्याकाळी टाकीच्या आत टॉर्च टाकून तळाकडून बघितलं तेव्हा चांदणीसारखं चमकलं. एवढ्या भोकासाठी एवढा पसारा. पण आजूबाजूला चाचपलं तर अजून किती तरी खड्डे पत्रा संपायच्या बेतात आलेले.

अॅल्युमिनियम खाऱ्या हवेत टिकतं ते त्याच्या अंगावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे आपोआप तयार होणाऱ्या पातळ थरामुळे. ओरखडा पडला तरी थर परत धरतो. पण पाणी एका जागी कोंडलं, ताजी हवा मिळाली नाही, की थर परत धरत नाही आणि पाण्यातलं मीठ तिथे सुईसारखं आत शिरतं. बाकी सगळा पत्रा नव्यासारखा आणि एका बिंदूला आरपार. म्हणजे टाकी पेट्रोलने खाल्लेली नसते, ती बाहेरून खाल्लेली असते, आणि ती खायला ज्याने मदत केली तो टाकी बसवणारा. टाकीला भरपूर खारं पाणी लागलं तरी चालतं, फक्त ते वाळलं पाहिजे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

आता सल्ले. सल्ल्यांना आमच्याकडे तोटा नाही. पहिला, भोकाला एपॉक्सी पुट्टी लावा. धक्क्यापर्यंत घरी यायला ठीक आहे, पण तळ सतत आपटतो आणि शेजारचे खड्डे तसेच, महिन्याभराने पुट्टीच्या बाजूने सुरू. दुसरा, टाकीत तो सीलर ओतून घुसळायचा, मोटारसायकलच्या टाकीला करतात तसा. मोटारसायकलची टाकी पंधरा लिटरची, मोकळी. बोटीच्या टाकीत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडव्या प्लेटा असतात, त्यांच्या मागे सीलर पोचला की नाही कोण बघणार, आणि तो सुटून आला तर पोपडे थेट फिल्टरमध्ये. तिसरा सल्ला वेल्डरचा. त्याने टाकी हातात घेतली, वाजवून बघितली आणि म्हणाला, "रिकामीच असा मा, काय होवचा नाय." नेमकी रिकामी टाकीच उडते. भरलेल्या टाकीत वाफ थोडी असते, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात. साबणाने धुवून, वाफारा देऊन, आत आरगॉन किंवा कार्बन डायऑक्साइड भरून जाणकार लोक करतात हे काम. शिवण्यांमध्ये अडकलेलं पेट्रोल गरम झालं की परत वाफ होते, त्यामुळे नुसती धुतली म्हणून भागत नाही. आणि करून तरी काय, खड्डे पडलेल्या पत्र्याला ठिगळ. त्याला चहा पाजून परत पाठवला.

चौथा सल्ला सगळ्यांचाच, "स्टीलची टाकी मार." आपल्या लोकांचं स्टेनलेस स्टीलवर भारी प्रेम. पण कोंडलेल्या खाऱ्या पाण्यात स्टीललाही असेच खड्डे पडतात, वेल्डच्या कडेला तर हमखास. अमेरिकन स्टँडर्डमध्ये पेट्रोलला स्टेनलेस चालतं ते फक्त छोट्या, गोल, घुमटाच्या टोकांच्या टाकीला. चपटी १८० लिटरची त्यात बसत नाही. प्लास्टिकची टाकी मात्र मला मनापासून आवडली असती, ती गंजायचा प्रश्नच नाही. फक्त पेट्रोल प्याली की ती दोनेक टक्के फुगते, तेवढी मोकळी जागा चारी बाजूंनी ठेवावी लागते, आणि ठरावीक मापातच मिळते. आमच्या खाचेत बसणारी मिळाली ती क्षमता जवळजवळ अर्ध्यावर आणणारी होती.

शेवटी नवी अॅल्युमिनियमचीच केली, गोव्यात बोटींचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये. पत्रा ५०८३ ग्रेडचा, समुद्रासाठीचा, जाडी ४ मिलिमीटर. अमेरिकन नियमात २.३ मिलिमीटरला चालतं, पण त्यांनी खारं पाणी आणि आपला पावसाळा दोन्ही एकत्र धरलंय असं मला वाटत नाही. जुन्या टाकीचं माप कागदावर न देता टाकीच गाडीत घालून नेली, पाण्याने तीन-चारदा खळखळून आणि तोंडं उघडी ठेवून. तिथे ३ पीएसआयला टेस्ट माझ्यासमोर करून घेतली. पितळी फिटिंग थेट अॅल्युमिनियममध्ये आवळायचं नाही हे बजावून सांगितलं, खाऱ्या ओलीत दोन धातू एकमेकांना लागले की अॅल्युमिनियमचा बळी जातो, मधे स्टेनलेस ठेवावं लागतं. पिकअपला जो अँटी-सायफन व्हॉल्व असतो, आतला छोटा स्प्रिंग आणि गोळी, तोही लावून घेतला. बरेच मेकॅनिक इंजिन अडकतं म्हणून तो काढून फेकतात, आणि मग लाइन कुठे फाटली तर सायफन होऊन अख्खी टाकी बिल्जमध्ये रिकामी होऊ शकते.

बसवताना फोम शून्य. मिस्त्रींचा चेहरा पडला, त्यांना तो ओतायला आवडतो. सगळा जुना फोम खरवडून काढला, फासळ्यांची भोकं मोकळी केली, टाकीच्या खाली कडक प्लास्टिकच्या पट्ट्या, त्या टाकीला नुसत्या टेकवलेल्या नाहीत, सीलंटने पूर्ण चिकटवलेल्या, म्हणजे पट्टी आणि पत्रा यांच्या मधे पाणी शिरायला फटच नाही. तळ आणि हल यांच्यात बोटभर जागा. टाकी कोनांना बोल्टने धरलेली, बाहेरून एपॉक्सीचा रंग. पेट्रोल टाकायच्या धातूच्या तोंडापासून टाकीपर्यंत वायर जोडली, नोझल लागलं की स्टॅटिक त्यातून जाऊ दे. आणि डेक परत फायबरने बुजवलाच नाही, कडेला मॅट आणि रेझिनची पट्टी देऊन वर बोल्टचं झाकण केलं, गॅस्केटवालं. हे फायबरचं काम झडीत होत नाही, दमट हवेत रेझिन नीट धरत नाही, म्हणून गणपतीच्या सुमारास उघडीप मिळाली तेव्हा करायचं ठरलं, आणि गणपतीत कोकणात कोण कामाला येतंय! झालं ते गौरी-गणपती जाऊन, सगळ्यांची पोटं जाग्यावर आल्यावर.

पहिल्यांदा पेट्रोल भरताना पाव टाकी भरून झाकण उघडं ठेवून रात्रभर तसंच, मग अर्धी, मग काठोकाठ, कारण वरचं गॅस्केट फुल टाकीशिवाय परीक्षा देतच नाही. प्रत्येक वेळी खाली पांढरा कागद. कागद कोरडा.

एक गोष्ट राहिलीय. नवा सेंडर जो मिळाला तो युरोपियन, रिकामी टाकी म्हणजे विजेला १० ओहम रोध आणि भरलेली म्हणजे १८०. बोटीवरचं गेज अमेरिकन, त्याला रिकामी टाकी म्हणजे २४० आणि भरलेली म्हणजे ३३. त्यामुळे सध्या टाकी फुल केली की काटा पावच्याही खाली, आणि पेट्रोल संपत आलं की काटा दिमाखात फुलवर. नवं गेज मागवलंय, ते येईपर्यंत मेव्हणा पंपाची बिलं जपून ठेवतो, तासांची वही लिहितो, आणि तो जुना लाल डबा भरून सोबत असतोच.